मिसिंगच्या पुढचा शब्द

म्हसवड
दि. १७ जानेवारी २०२४

चि. राजेश्वरीस अ. उ. आ.

हे पत्र नानासो कंडक्टरच्या हाती देतोय. दिवस मावळायच्या आत तुला सांगली स्टँडवर मिळंल. यात माझ्या कानाच्या मशीनचा कागद हाय असं त्याला सांगितलंय, तवा त्याच्यासमोर फोडू नको. फोन तर अजिबात करू नको. फोन तुझ्या आईच्या कमरंला असतो. तू काय बोललीस ते ती मला परत ओरडून सांगती, आन ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको हाय.

काल दुपारी ती दगडाबाईकडं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली आन फोन घरीच विसरला. त्यावर इंग्रजीत मेसेज दिसला. नंबर अनोळखी, पर तुझ्या भावाच्या, आपल्या वीरधवलच्या पलटणीतला कुणीतरी दिसतोय. लिहिलंय की वीरधवल मिसिंग, नऊ तारखेपासून.

मी तोफखान्यात सतरा वर्सं काढली. कान तिथंच ठेवून आलो. मला इंग्रजी फार येत न्हाई, पर हा शब्द येतो. फौजेत त्याचा एकच अर्थ हाय.

मेसेज कॅलेंडरच्या पानामागं उतरवून घेतला आन फोनातून पुसून टाकला. तुझ्या आईनं तो शेजारच्या सूनबाईकडनं वाचून घेतला असता. भावकीच्या तोंडून तिला असलं कळू नये. वीरधवलचा नंबर लावायला यष्टी स्टँडवरच्या एका माणसाला सांगितलं. बंद हाय म्हणाला.

तू शिकलेली हाईस. त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ निघतो का, एवढंच बघ आन लगोलग कळव.

आशीर्वाद हायतच.
तुझा तात्या (आकाराम)


माधवनगर, सांगली
दि. १८ जानेवारी २०२४

ती. स्व. तात्यांस, राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र काल साडेपाचला मिळालं. स्टँडवर फोडलं नाही. नानासोंनी मशीनची बॅटरी कुठे मिळते असं विचारलं, मी मिरजेत मिळते असं सांगितलं. तुमचं खोटं सांभाळलं आहे.

वीरधवलचा फोन मीही लावला, काल चार वेळा, आज सकाळी दोनदा. बंद आहे. यातून काहीच सिद्ध होत नाही. गेल्या हिवाळ्यातही तो वरच्या चौकीवर असताना एकोणीस दिवस बंद होता.

तुम्ही मेसेज पुसलात हे बरं झालं नाही, हे मला लिहायलाच हवं. त्याबरोबर नंबरही गेला. मी मिरजेच्या हॉस्पिटलात यंत्रं तपासते. तिथल्या पन्नास मॉनिटरांपैकी दोन-तीन खोटे आकडे दाखवतात, ते शोधायचा मला पगार मिळतो. वाईट आकडा दिसला म्हणून आम्ही मॉनिटर बंद करत नाही. आधी तो आकडा कशाचा आहे ते बघतो. तुम्ही मला आकड्याचा अर्थ कळवला आहे, आकडा नाही.

म्हणून आता एवढं करा. कॅलेंडरच्या पानामागे जे उतरवलं आहे ते अक्षराला अक्षर तसंच पाठवा. कुठला शब्द कुठल्या शब्दानंतर आला, मध्ये टिंब होतं का, स्वल्पविराम होता का, मोठी अक्षरं कुठे होती, सगळं. काही आठवत नसेल तर आठवत नाही असं लिहा. अंदाज लिहू नका.

कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ‘मिस’ हे क्रियापद आहे. ‘मिसिंग’ हा शब्द वाक्यात एकटा उभा असला, पुढे काही नसलं, तर माणूस बेपत्ता. पण त्याच्यापुढे कुणाचं तरी नाव आलं, आई, घर, गाव, काहीही, तर वाक्य उलटं फिरतं. मग माणूस हरवलेला नसतो. तो जिथे आहे तिथे बसून त्या नावाची आठवण काढत असतो. व्याकरणात त्या पुढच्या शब्दाला कर्म म्हणतात. आपल्याला ते कर्म शोधायचं आहे. बाकी काही नाही.

शाळेतल्या मिसचा या शब्दाशी संबंध नाही, तो वेगळ्या घराण्यातला शब्द आहे. हे तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहिलं.

आईला संशय आला आहे का? काल फोनवर ती नेहमीसारखी बोलली. मला नेहमीसारखं बोलायला जरा वेळ लागला.

लोभ आहे हे धरून चालते. वाढवला नाही तरी चालेल, उत्तर मात्र पहिल्या गाडीनं पाठवा.

आपली
राजेश्वरी


म्हसवड
दि. १९ जानेवारी २०२४

चि. राजेश्वरीस अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळा तपासणीला साहेब आल्यागत वाटलं. असू दे. मेसेज असा हाय, बघ:

वीरधवल मिसिंग ऑल सिन्स ९ वेंट अप नो कॉन्टॅक्ट प्रे

अक्षरं सगळी मोठी, सगळी सारखी. टिंब एक बी न्हाई. मी चष्मा लावून उतरवलंय, त्यात फरक न्हाई. आधी मी मिसिंगपाशीच थांबलो हुतो, पुढचं ऑल तुझ्या पत्रानंतर दिसलं. पर पुढं नो कॉन्टॅक्ट हाय आन प्रे हाय. प्रे म्हणजे प्रार्थना करा. आठवण काढणाऱ्या माणसासाठी कोण प्रार्थना करायला सांगतं?

फौजेत एकच अर्थ का म्हणालो ते सांगतो. आमची तुकडी वर असताना एकदा दरड आली. दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली. आमच्यातल्या एकाचं नाव सुभेदारानं तीन वेळा पुकारलं. तवा मला ऐकू येत हुतं. चौथ्यांदा पुकारलं न्हाई, वहीत मिसिंग लिहिलं आन पुढचं नाव घेतलं. पुढचं नाव माझं हुतं. मला हजर म्हणायचं सुचंना. बाकीचं लिहीत न्हाई.

साताऱ्याच्या सैनिक कार्यालयात विचारा असं तू म्हणशील. मी विचारणार न्हाई. तिथं नोंद वडिलांची हाय, म्हणजे माझीच सही लागणार. आज आपल्याकडं मेसेज हाय, त्याचे तू दोन अर्थ काढतीस. सरकारी कागद आला की एकच अर्थ राहील. विचारलं की उत्तर येतं, राजू. मला आणखी चार दिवस उत्तर नको.

तुझ्या आईला काय ठाऊक न्हाई. लय खुशीत हाय. कवा न्हवं ते शेंगदाण्याची पोळी केली. दिवसातनं दोनदा गवताच्या गंजीमागं जाती, शेरडाकडं बघून येते म्हणती. शेरडू गोठ्यात असतं. मी बोललो न्हाई. बोललो की माझं तोंड बघंल.

तुझा तात्या


माधवनगर, सांगली
दि. २१ जानेवारी २०२४

ती. स्व. तात्यांस, शि. सा. न. वि. वि.

कागद समोर ठेवून दोन दिवस बसले आहे. जे कळलं ते लिहिते, जे कळलं नाही तेही लिहिते.

ते वाक्य दोन ठिकाणी मोडता येतं. ‘मिसिंग’नंतर टिंब दिलं तर: वीरधवल बेपत्ता. सगळे नऊ तारखेला वर गेले, संपर्क नाही. ‘ऑल’नंतर टिंब दिलं तर: वीरधवलला सगळ्यांची आठवण येते. नऊ तारखेला वर गेला, संपर्क नाही. दोन्ही वाचनांत वर जाणं आहे आणि संपर्क नसणं आहे. फरक एका टिंबाचा आहे आणि ते टिंब पाठवणाऱ्यानं दिलेलं नाही. मी व्याकरणानं ते देऊ शकत नाही. देता आलं असतं तर पहिल्याच दिवशी दिलं असतं.

शब्दाचा उगमही पाहिला. खात्री होत नसली की मी मागे जाते, यंत्राचंही तसंच करते. हा जुना शब्द आहे. सुरुवातीला त्याचा अर्थ एवढाच होता की बाण मारला आणि लागला नाही. नेम चुकला. मग गाठ पडायची होती ती पडली नाही, याला तोच शब्द लागू झाला. आणि पुष्कळ नंतर, गाठ पडली नाही याचं ज्याला वाईट वाटतं त्याच्यासाठी तोच शब्द वापरू लागले. म्हणजे आधी बाण, मग वाट, मग माणूस.

हे वाचताना लक्षात आलं की आपलं चुकणं याच रस्त्यानं आलेलं आहे. नेम चुकतो, गाडी चुकते. सिद्धनाथाच्या यात्रेत पोर चुकतं. आणि ते पोर सापडून, मोठं होऊन, नोकरीला लांब गेलं की घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं. आपल्याकडेही हरवणारा आणि आठवण काढणारा यांना एकच शब्द पुरतो. याचा आपल्या प्रश्नाला उपयोग शून्य आहे. तरी लिहिलं.

एक पुरावा मी तुम्हाला कळवला नव्हता. तो दडवणं बरोबर नव्हतं. आठ तारखेला दुपारी वीरधवलचा मला मेसेज आला होता. मिस यू आक्का, एवढाच. मी तेव्हा एका सिरिंज पंपाच्या तपासणीत होते. मी त्याला अंगठा पाठवला. शब्द नाही, नुसता अंगठा. त्यावरून इतकं दिसतं की वर जायच्या आदल्या दिवशी हे क्रियापद त्याच्या तोंडात होतं आणि तो ते कर्मासह वापरत होता. म्हणजे दुसऱ्या वाचनाला आधार आहे. पण तात्या, आधार म्हणून त्याच्याकडे बघायला मला फार जड जात आहे. त्या अंगठ्याखाली अजून एकच टिक दिसते. म्हणजे तो माझ्याकडून गेला, त्याच्यापर्यंत पोचलेला नाही.

शुक्रवारी एका मॉनिटरवर मी एकच चाचणी तीनदा केली आणि तिन्ही वेळा आकडा लिहायला विसरले. सोबतच्या सृष्टीनं विचारलं की घरी काही झालं आहे का. मी नाही म्हणाले. मला भीती वाटते आहे. हे वाक्य एकदाच लिहिते.

सैनिक कार्यालयाला मी शुक्रवारीच फोन केला. तिथले गृहस्थ नीट बोलले. बहिणीला सांगता येत नाही, वडिलांचा अर्ज हवा, असं म्हणाले. अर्ज सोबत जोडला आहे. सगळं भरलं आहे, सहीची जागा तेवढी मोकळी आहे. तुम्ही चार दिवस मागितले होते, त्यातले दोन झाले. उत्तर नको असणं मला समजतं. पण आपण विचारलं नाही म्हणून तिकडे जे झालं आहे ते थांबून राहिलेलं नाही.

सही करा, तात्या.

आपली
राजेश्वरी


म्हसवड
ता. २४ जानेवारी

चि. राजूस आईचे लय लय आशीर्वाद.

मी पत्र लिवते याचं नवल करू नगं. साक्षरतेच्या वर्गात शिकले ती अक्षरं अजून हायती. चुका काढू नगं, तुला सवय हाय. नानासोला सांगितलंय की मालकास्नी कळू देऊ नगं. त्यो कसनुसा हसला. का हसला ठावं न्हाई.

तुला काय बी ठावं न्हाई म्हनून पैल्यापासनं सांगते. भ्यायचं न्हाई, शेवट चांगला हाय. सोळा तारखंला सकाळी फोनात इंग्रजी मेसेज आला. मला वाचता येतंय व्हय? पर मला एक ठावं हाय, मेसेज आला की हिरवं बटन दाबायचं, ज्यानं धाडलाय त्यो उचलतो. दाबलं. आपल्या इरूचा आसामचा जोडीदार हुता. हिंदीत बोलला. म्हनला माजी, वो सबको याद करता है. मला वाटलं कसली याद, किराणाची? मग उमगलं. मग म्हनला इरू आन तिघं नऊ तारखंला वर चौकीला गेले, बरफ पडलं, वाट बुजली, वायरलेस बी लागंना. तिथंच चुलीपाशी बसले. त्यो म्हनला रोज फोन करा, मी खरं त्येच सांगीन.

तुझ्या बाला सांगितलं न्हाई. त्येला ऐकू जाईपतूर वरडायचं तर अख्ख्या म्हसवडाला कळंल, आन त्यो फौजेतला मानूस, नगं नगं ते मनात आनंल. लय सुखात हाय बिचारा. रोज पेपर वाचतो, हसतो बी. म्हनून मी गंजीमागं जाऊन फोन करायची. त्येला ऐकू येत न्हाई, पर तोंडाकडं लय बघतो.

आठ दिस रोज दोनदा केला. काल सांजच्याला कळलं. चौघं बी घावले. बरफातनं वाट काढत खाली आले. इरू दवाखान्यात हाय. पायाची दोन बोटं काळी पडलीत. डागतर म्हनतो राहतील का जातील ते लगीच सांगता येत न्हाई, थांबायचं.

आता तुझ्या बाला सांगायला पायजे. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, मी रडीन आन त्यो उलटंच समजंल. त्येला तुझ्या अक्षराबिगर काय पटत न्हाई. तू लिव. नंबर खाली दिलाय.

तुझी आई
मनुबाई


माधवनगर, सांगली
दि. २५ जानेवारी २०२४

वीरधवल जिवंत आहे.

ती. स्व. तात्यांस शि. सा. न. वि. वि. नमस्कार आज दुसऱ्या ओळीत आला आहे, माफ करा. तुम्ही पाकीट फोडून कुठली ओळ आधी वाचाल हे मला माहीत आहे.

हा अंदाज नाही. आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी त्याच्याशी स्वतः बोलले, चार मिनिटं. त्याच्या जोडीदाराचा नंबर आईनं दिला. होय, आईनं. तिनं तो मेसेज तुमच्या आधी पाहिला होता आणि वाचता येत नाही म्हणून सरळ फोन लावला होता. आपण दोघं टिंब शोधत होतो तेव्हा ती रोज दोनदा गंजीमागे उभी राहून विचारत होती, आणि मिळेल ते उत्तर घेऊन पोळ्या लाटत होती. तुम्ही सुखात आहात अशी तिची समजूत आहे. तुमची तिच्याबद्दल तीच समजूत होती. नानासोंना पहिल्या पाकिटापासून सगळं कळलं असावं.

आता मेसेज. वर जाताना वीरधवलनं जोडीदाराला सांगितलं होतं की खाली नेटवर्क मिळालं की घरी कळव, वीरधवल मिसिंग ऑल. एवढेच तीन शब्द त्याचे. जोडीदार सोळा तारखेला नेटवर्कमध्ये आला, तोवर वाट बंद होऊन चार दिवस झाले होते. त्यानं ते तीन शब्द तसेच लिहिले आणि पुढे आपलं जोडलं. नऊला वर गेला, संपर्क नाही, प्रार्थना करा. एका वाक्यात दोन माणसं बोलत होती, म्हणून ते कुठेच नीट मोडत नव्हतं. मी तसा विचारच केला नव्हता. मी एकच माणूस धरून चालले होते.

तुमचं वाचन चुकीचं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. बारा तारखेपासून तेवीसपर्यंत ते चौघं कुठे आहेत हे खालच्या कुणालाच माहीत नव्हतं. त्या अकरा दिवसांत दोन्ही अर्थ खरे होते.

त्याच्या पायाची दोन बोटं बर्फानं काळी पडली आहेत. वाचतील की काढावी लागतील हे कळायला काही आठवडे जातात. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, तेही हेच म्हणाले. आवाज बसला आहे, पण बोलणं जाग्यावर आहे. मला म्हणाला की आक्का, तू स्वतःहून फोन केलास म्हणजे मी फारच आजारी दिसतो. मग आठ तारखेचं राहिलेलं उत्तर मी त्याला दिलं. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

हे पत्र स्टँडवर उभ्यानं वाचलं असेल तर आता कुठेतरी बसा.

आपली
राजेश्वरी


म्हसवड
दि. २७ जानेवारी २०२४

चि. राजेश्वरीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. उभ्यानंच वाचलं. नानासोनं गाडी दहा मिनिटं सोडली न्हाई, पाशिंजर त्याला बोलले. त्यानं मला धरून रसवंतीच्या बाकड्यावर बसवलं आन मग घंटी मारली.

घरी आलो. तुझ्या आईला सांगितलं की मला सोळा तारखेपासून ठाऊक हुतं. ती म्हणाली, मग जेवत कसा हुतास? मी म्हणालो, तू वाढत कशी हुतीस? ती उठून गंजीकडं गेली, मी बी मागनं गेलो. बराच वेळ तिथंच हुतो.

तू पाठवलेल्या अर्जावर सही केली. दवाखान्याचा पत्ता आन भेटायची परवानगी मागितली. सोमवारी मी स्वतः साताऱ्याला जाऊन देतोय. आता विचारतो.

बाकी तू एवढी नेमकी. टिंबाटिंबाचा हिशोब मागतीस. आन बोटं कुठल्या पायाची, डाव्या का उजव्या, तेच लिहिलं न्हाईस. तुझी आई सकाळपासनं दोन्ही पायांकडं बघती, माझ्या. लगेच कळव.

तुझा तात्या